दीड इंच

कोरगाव, पेडणे
१० जानेवारी २०२५

चि. दत्ताराम यास,
बायचे अनेक आशीर्वाद.

तुला फोन करून उपयोग नाही. तुझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं आणि तू नुसता "हां हां" करतोस. शिवाय इथे फोनवर बोललं की ह्यांना खाटेवर सगळं ऐकू जातं. म्हणून चिठ्ठी. तुझ्या शेजारचा गौरेश रोज डिचोलीहून तुयेच्या कारखान्यात येतो, त्याच्या हाती देते. उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

ह्यांच्या किडन्या कामातून गेल्या हे तुझ्या कानावर आलंच असेल. आठवड्यातून तीनदा आम्ही डायलिसिसला नेतो आणि आणतो. आले की दुसऱ्या दिवशीही मान वर करत नाहीत. आता डॉक्टर म्हणतात, घरीच करता येईल. पोटाला नळी बसवली आहे. पिशवीतलं औषधाचं पाणी नळीतून आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, असं दिवसातून चारदा. माझी सून सुविधा सगळं शिकून आली. पण खोली हवी एकदम स्वच्छ. नळी जोडताना माशी सोड, चिलटसुद्धा चालत नाही. जंतू पोटात गेले तर जिवावरच बेतायचं. ३ फेब्रुवारीला हॉस्पिटलातली सिस्टर खोली बघायला येणार. ती हो म्हणाली तर पिशव्या घरी येतील, नाहीतर पुन्हा त्याच फेऱ्या. दत्तू, त्या फेऱ्या ह्यांना आता झेपत नाहीत. 

तर पुढची दोन जनेलं आहेत ना, एक सालातलं, पाहुणे बसतात तिथलं, आणि एक ह्यांच्या खोलीतलं, त्यांना बारीक जाळी बसवायची आहे. खिडकीला चिकटवायच्या जाळ्यांचे कोपरे पंधरा दिवसांत सुटतात. प्रज्योत म्हणाला, म्हापशाहून माणूस बोलावतो. मी म्हटलं, बाबा थांब. ती जनेलं तुझ्या मामाच्या हातची आहेत, जाळीही तोच करील.

तू इथे ये असं म्हणायला मला तोंड नाही. आमच्या वास्तूच्या जेवणावरून तू उठून गेलास त्याला अठरा वर्षं झाली. भाऊबीजेला मीच डिचोलीला येते. परत आले की हे काही विचारत नाहीत आणि मी काही सांगत नाही. जाळी दुकानातून आणली असंच ह्यांना सांगीन. तू फक्त माप कसं घ्यायचं ते लिही. करशील ना रे?

तुझी बाय,
सत्यवती


डिचोली
१२ जानेवारी २०२५

ती. बायस,
दत्तारामचा नमस्कार.

करशील ना, असं मला विचारतेस? वाचून राग आला. हातातलं सगळं काम बाजूला ठेवलं आहे.

आता नीट वाच आणि सुविधालाही वाचायला दे. शिंप्याची टेप घ्यायची नाही, ती ओढली की वाढते. लोखंडी टेप घे. जाळी चौकटीच्या आत बसणार, म्हणून माप लाकडाच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. रुंदी तीन ठिकाणी मोजायची: वर, मधे, खाली. उंचीही तीन ठिकाणी. तिन्ही आकडे सारखे येणार नाहीत, घाबरू नकोस. इतके पावसाळे खाल्लेलं लाकूड आहे, कुठेतरी फुगणारच. सगळ्यांत लहान आकडा तो खरा. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं मोज, दोन्ही बाजूंनी. ते आकडे जुळले तर जनेल सरळ आहे, नाही जुळले तर कळव. झडपेची कडी आत किती येते तेही बघ, नाहीतर जाळी बसेल आणि जनेल लागणार नाही. आकडा मनात धरून चुलीपाशी जाऊ नकोस. तिथल्या तिथे लिही. तुझी सवय मला ठाऊक आहे.

आणि प्रत्येक जनेल वेगळं मोजायचं. लोक एक मोजतात आणि "बाकीची तशीच हो मेस्त" म्हणून सांगतात, मग माझ्या नावाने बोंब. तुझ्याकडे तेवढी गरज नाही म्हणा. ती जोडी मी एकाच फणसाच्या लाकडातून, एकाच आठवड्यात केली. दोघांत सुताचाही फरक नाही. भावोजींनी चार माणसांत टेप लावून दीड इंच कमी दाखवलं, ती टेप त्यांनी कशी धरली ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी बघायलाही थांबलो नाही. माझ्या हातून काय गेलं ते मला ठाऊक आहे.

भावोजींना विचारलं म्हणून सांगू नकोस. पण मी विचारलं आहे.

दत्ताराम


कोरगाव
१५ जानेवारी २०२५

चि. दत्तू,

सुविधाने टेप धरली, मी लिहिलं. रुंदी वर छत्तीस इंच, मधे पस्तीस इंच सहा सूत, खाली पस्तीस इंच सात सूत. उंची अठ्ठेचाळीस, तिन्हीकडे सारखी. तिरपं दोन्ही बाजूंनी जुळतं. कडी बाहेरच्या अंगाला आहे, अडचण नाही. दोन्ही जनेलांना हेच माप धर. तूच म्हणालास ना, सारखीच आहेत म्हणून.

टेपचा खडखडाट ऐकून ह्यांनी आतून विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं पडदे शिवायचेत. तर म्हणतात, "आजारी माणसाक पडदे कित्याक? नाटक आसा काय?" पुष्कळ दिवसांनी थट्टा केली रे. मी आत जाऊन डोळे पुसले.

लवकर पाठव. तीन तारीख जवळ येते आहे.

सत्यवती


डिचोली
२२ जानेवारी २०२५

ती. बाय,

दोन्ही जाळ्या गौरेशच्या मित्राच्या टेम्पोतून पाठवतो आहे. जाळी स्टीलची, चिलट काय, चिलटाचा बापही आत येणार नाही. चौकटीला कडेने रबर लावलं आहे. लहान आकड्यापेक्षा एक सूत कमी ठेवलं आहे. प्रज्योतला सांग, आधी वरची बाजू लावायची, मग खालून हलकेच दाबायचं. हातोडी आणायची नाही. ठोकावं लागलं तर कुठेतरी चुकलंय असं समजायचं.

काम करताना जुनं सगळं वर आलं. त्या दिवसानंतर पेडण्यात मला कुणी जनेल करायला दिलं नाही, बाय. एकही नाही. तुला कधी बोललो नव्हतो, तुझा संसार तिथे. आधी कोरगाव, पार्से, तुये, सगळीकडे माझं काम होतं. मग लोक म्हणायला लागले, सख्ख्या बहिणीच्या घराचं माप चुकवतो तो आमचं काय धड करणार. मेस्ताच्या मापावरचा विश्वास गेला की उरलं काय? रंधा आणि भुसा. आता जाळ्या करतो, बरं चाललं आहे. पण ते दुखायचं काही थांबलं नाही.

असो. भावोजींना आराम पडू दे.

दत्ताराम


कोरगाव
२७ जानेवारी २०२५

दत्तू,

काय लिहू. सालातल्या जनेलाला जाळी अशी बसली की सुविधा टाळ्या वाजवायला लागली. ह्यांच्या खोलीतल्याला बसत नाही. जाळी मोठी पडते. वरची बाजू लावली तर एक कड दोन बोटं बाहेर राहते. प्रज्योत घामाघूम झाला. मी "हातोडी नको" म्हणत होते आणि तो चिडून माझ्यावरच ओरडला.

चूक माझी आहे. मी ह्यांच्या खोलीतलं जनेल मोजलंच नाही.

तुला आठवतं, बाबा आजारी होते तेव्हा नवीन पलंगाचं माप घ्यायला कुणीतरी खाटेवरून टेप धरली होती? आईने किती आकांत केला, निजल्या माणसावरून माप घेतात काय म्हणून. आणि आठव्या दिवशी बाबा गेले. ह्यांची खाट जनेलाला टेकून आहे. टेप धरायची तर ती ह्यांच्या अंगावरूनच जाणार. सुविधा टेप घेऊन दारात उभी राहिली आणि मी तिला मागे ओढलं. तू सारखीच म्हणतोस, मग एकच मोजूया म्हटलं. शिकल्या-सवरल्या सुनेसमोर कारणसुद्धा सांगितलं नाही, लाज वाटली.

आता पुढचं ऐक. हे खाटेवरून सगळं बघत होते. प्रज्योत थकून खाली बसला तेव्हा म्हणाले, "ह्यां कोणी केल्यान गो?" खोटं बोलायला माझी जीभच वळेना. म्हटलं, दत्तूने. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवलेही नाहीत.

दत्तू, तुझी मी थोरली बहीण, म्हणून विचारते. इतकी वर्षं मी मनातून तुझ्या बाजूने होते. ह्यांच्या ताटात वाढताना सुद्धा. त्या दिवशी हे खरं बोलले होते काय रे?

आणि तीन तारखेला सिस्टर येणार.

सत्यवती


डिचोली
२८ जानेवारी २०२५

बाय,

आता कुणीही माप घ्यायचं नाही. गुरुवारी सकाळच्या बसने मी येतो. भावोजींना सांगून ठेव. हाकललं तर अंगणातून परत जाईन, पण जनेल मोजून जाईन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नाही. 

दत्ताराम


डिचोली
१ फेब्रुवारी २०२५

ती. बाय,

नवीन जाळी गौरेशबरोबर पाठवली आहे. प्रज्योतला आजच लावायला सांग. ह्या वेळी बसणार, माझ्या हाताने मोजलं आहे.

तू चहा करायला आत गेलीस तेव्हाचं सांगतो, नाहीतर तुझ्या जिवाला घोर लागेल. टेप भावोजींच्या अंगावरून धरली नाही. मी आणि सुविधाने खाट त्यांच्यासकट दारापाशी सरकवली आणि मगच मोजलं.  भावोजी डोळे मिटून होते, झोप लागली असावी. किती वाळले गे! दंड बघवत नाहीत.

जनेल दीड इंच कमीच आहे. भावोजी त्या दिवशी बोलले ते खरं होतं. चौकट करताना मीच चुकलो असणार. तेव्हा साखळी गावातलं मोठं काम हातात होतं, घाईत झालं असेल. भावोजींना सांग, चूक माझीच होती, राग धरू नका. एवढं त्यांना वाचून दाखव आणि हा विषय बंद करूया.

सिस्टर काय म्हणाली ते कळव.

दत्ताराम


कोरगाव
६ फेब्रुवारी २०२५

दत्ताराम,

हे पत्र मी लिहितो आहे, सगुण. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे. दोन दिवस थोडं थोडं लिहितो आहे.

सिस्टर सोमवारी आली. जाळी बोटाने दाबून बघितली, कडेने दिवा फिरवला, हो म्हणाली. पिशव्या घरी आल्या. म्हणजे तुझं काम झालं. आता माझं राहिलं आहे.

तू आलास त्या गुरुवारी मी झोपलो नव्हतो. तू जनेलाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट फिरवलंस, नखाने रंग खरवडलास. खाली खिळे दिसले. तू सांध्याला खिळा मारत नाहीस, लाकडी खुंटी मारतोस, हे तुला ठाऊक आणि मलाही. तू वळून माझ्याकडे बघितलंस. मी डोळे घट्ट मिटून घेतले. वाटलं आता बोलणार. तू टेप गुंडाळलीस आणि बाहेर जाऊन चहा घेतलास.

तुझ्या दोन्ही चौकटी बरोबर होत्या. चिऱ्यांच्या भिंतीत जनेलाची जागा सोडायची खूण मी स्वतः करून दिली होती. गवंडी विचारत होता, मेस्ताक येऊ दे मगे? मी म्हटलं, मला समजतं सगळं. एक जागा दीड इंच कमी पडली. वास्तूला आठ दिवस राहिले होते, तू साखळीला होतास, आणि चौकट भिंतीत जाईना. भिंत फोडायची म्हणजे माझं शहाणपण सगळ्या कामगारांसमोर उघडं पडणार. परशुराम म्हणून बेळगावकडचा एक सुतार कामावर होता. त्याच्याकडून चौकट कापून घेतली, झडपा रंधून घेतल्या, वरून रंग मारला.

वास्तूच्या दिवशी आमच्या काकांनी अंगणातून बघितलं आणि म्हणाले, "सगुणा, एक जनेल बारीक दिसता रे." सगळे बघायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, मेव्हण्याचं काम, घरचं म्हणून हयगय केली. टेप मीच आणली. तू पानावरून उठलास तेव्हा वाटलं, मागे धावत जावं. गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग चवथीला सांगू म्हटलं. जितका उशीर झाला तितकी लाज वाढत गेली आणि मग मी त्या लाजेलाच राग म्हणायला लागलो.

गावात कुणी नवीन घर बांधलं की मला विचारायचे, तुझा मेव्हणा कसा? मी गप्प राहायचो. तुझं काम त्या गप्प राहण्याने बुडालं, हे मला तेव्हाही समजत होतं.

परवा सत्यवतीने तुझं पत्र वाचून दाखवलं. "चूक माझीच." ऐकून मला तुझा राग आला. मरायला टेकलेला म्हणून मला भीक घातलीस, असं वाटलं. मग वाटलं, एवढं मोठं मन मला अठरा वर्षांत एकदाही झालं नाही.

मंगळवारी घरातल्या तिघांना बसवून सगळं सांगितलं. सत्यवती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. पेज आणून ठेवते आणि जाते. काल, ज्यांच्यासमोर तुला बोललो होतो त्यातले हयात आहेत त्यांना बोलावून घेतलं. काका गेले, बाकी तिघे आले. पुढच्या दारी बलकांवात खुर्ची टाकून बसलो आणि त्यांना सांगितलं, चौकट मी कापली. एकजण म्हणाला, आता कशाला उकरून काढतोस? म्हटलं, बोललो मी होतो, परत घेणारही मीच.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. पण खरं काय ते तुझ्याकडे माझ्या अक्षरात असू दे. कुणालाही दाखव.

सगुण


डिचोली
८ फेब्रुवारी २०२५

भावोजी,

पत्र चारदा वाचलं. पाचव्यांदा सुलोचनेला वाचून दाखवायला गेलो आणि पहिलं पानही पुरं झालं नाही. बायकोसमोर लहान मुलासारखा रडलो. तुम्हाला हे कळावं म्हणून लिहितो.

ते खिळे बघितले तेव्हा तुमची खाट तशीच अंगणात नेऊन टाकावी असं वाटलं. खरं सांगतो. मग तुमच्या पोटावरची नळी दिसली. गप्प बसलो ते मोठ्या मनाने नव्हे. माझ्या बोलण्याने तुम्हाला काही झालं असतं तर बायला तोंड कसं दाखवू, ह्या भीतीने. तेव्हा मन मोठं वगैरे काही लिहू नका.

लोकांना मी सांगत होतो, माझं माप चुकलं नाही. आणि एकटा असलो की म्हणत होतो, चुकलंच असेल. अठरा वर्षं स्वतःच्या हाताचा संशय घेत जगलो, भावोजी. गिऱ्हाइकाच्या दारातून निघालो की रस्त्यातून परत फिरायचो, पुन्हा मोजायचो. माझी मुलं हसायची. तुम्ही काय नेलंत ते तुम्हाला माहीतच नाही.

म्हणून, माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते खरं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. पोटभर, आवाज चढवून, बायने मधे पडेपर्यंत. अठरा वर्षांचं आहे, एका पत्रात मावत नाही, आणि आजारी माणसाशी एका दमात भांडताही येत नाही. तेव्हा दर आयतवारी सकाळच्या बसने येणार, तुमची पिशवी लावून झाली की तासभर भांडणार आणि दुपारी परत जाणार. उद्यापासून सुरू. बायला म्हणावं, तू भावोजींशी बोल, त्यांना ओरडायचं काम माझ्याकडे.

पिशव्या वेळेवर लावून घ्या. पाणी डॉक्टर सांगतील तेवढंच. मीठ बंद म्हणजे बंद, लोणच्याकडे बघायचंही नाही. माझं सगळं सांगून होईपर्यंत तुम्हाला कुठेही जायला मिळणार नाही.

दत्ताराम